बटाट्यांचं शेत

प्रिन्स अल्बर्ट,
१४ ऑगस्ट

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं आणि मी आत्ता लिहायला बसतोय, याची आधी माफी मागतो. उशिराला कारण आहे आणि ते मी लपवणार नाही.

तुझ्या पार्सलमध्ये लाल कापडात बांधलेली तंबाखू होती. आता तू गोधड्या शिवतेस, तुझ्या घरातून मीठ आलं तरी ते कापडाच्या तुकड्यात बांधून येतं. मागच्या नाताळात मोजे तसेच आले होते. त्यामुळे मला वाटलं, ही ऐंशीव्या वाढदिवसाची भेट. चष्मा दुरुस्तीला गेला होता, पत्र वाचायचं राहिलं होतं. माझ्या शेजारच्या खोलीतला एफ्रेम आणि मी, आम्ही दोघांनी वृद्धाश्रमाच्या मागच्या बाकावर बसून पाच दिवसांत ती जवळजवळ संपवली.

मग चष्मा आला आणि पत्र वाचलं. 'मामा, ही तंबाखू तुझ्यापुढे ठेवून विचारते, चर्चच्या निवासी शाळेत वारलेली आपली मुलं कुठे पुरली ते सांग.' माझ्या हातात तेव्हा पेटलेली सिगारेट होती. एफ्रेम डेने जमातीचा आहे, पण तंबाखूचा कायदा त्यांच्याकडेही आपल्यासारखाच. तो म्हणाला, "ओढलीस म्हणजे हो म्हणालास. आता सांगून टाक."

"तूही ओढलीस," मी म्हणालो.

"मला कुणी काही विचारलेलं नाही. मी आपला पाहुणा."

तर उत्तर असं की मला फारसं आठवत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातलाही निम्मा वेळ गोठ्यात गेला. मुलांचा शोध घेणाऱ्या तुमच्या कमिटीतले सगळे म्हणतात, चर्चमागे, लायलॅकच्या कुंपणापाशी. मग तिथेच असेल. क्रूस तिथे होते, ते मीही पाहिलेत. तिथे ते जमिनीखालचं दाखवणारं यंत्र फिरवा.

एवढंच विचारायचं होतं, की ते यंत्र किती लांबवर नेणार? पाणथळीपर्यंत जाणार का, जिथे बटाट्यांचं शेत होतं? सहज विचारतो. गुडघा दुखतोय, उजवा. डॉक्टर म्हणतो वय झालं, पण डावाही त्याच वयाचा आहे आणि तो दुखत नाही.

हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस. तिला उगाच त्रास.

तुझा मामा,
नॉर्बर्ट


विलो बेंड,
२२ ऑगस्ट

मामा,

माफी कसली, पत्र आलं हेच पुष्कळ. तंबाखूचं वाचून मी शाळेची बस रस्त्याकडेला लावून हसून घेतलं. ओढलीस ते बरं झालं. ठेवून दिली असतीस तर आणखी वर्षभर उत्तर आलं नसतं.

आता कामाचं. पैसे मंजूर झाले. पहिला अर्ज मी बाहेरच्या सल्लागाराने दिलेल्या नमुन्याप्रमाणे भरला होता, तो परत आला. दुसरा कमिटीतल्या अगाथा आजीने सांगितला तसा लिहिला. कुठे शोधायचं ते आमचे म्हातारे सांगतील, कसं शोधायचं ते आम्ही ठरवू, आणि यंत्र चालवणाऱ्यांनी कामाआधी आमच्याबरोबर जेवायला बसायचं. शेवटचं वाक्य खोडायला मी तयार होते, आजी नव्हती. मंजूर झालं, जेवणासकट. निधी बघणाऱ्या बाईंचा ओटावाहून फोन आला होता.

"'शिकाऱ्यांचं पेट्रोल' असं एक कलम आहे. ते कशासाठी?"

"मूस हरणांसाठी."

"आणि मूस?"

"ताटांसाठी. आधी मेलेल्यांची, मग आमची."

मग म्हणाल्या, "असंच लिहून घेऊ?"

"असंच लिहा."

पैसे एका शेतापुरते आणि सहा दिवसांपुरते आहेत. यंत्रवाले २५ सप्टेंबरला येतील, इथून पुढे उत्तरेला जातील, आणि मग जमीन गोठेल. म्हणून कुठली जागा बघायची त्या कागदावर मला ११ सप्टेंबरला, सोमवारी, सही करायची आहे. जागा चुकली आणि काही सापडलं नाही, तर 'तिथे कोणी नाहीच' असं इतकी वर्षं म्हणणाऱ्यांना आयतंच हातात मिळेल, आणि पुढच्या वर्षी आपल्या अर्जाकडे कोणी बघणार नाही. पण जागा चुकणार नाही. अकरा म्हाताऱ्यांना विचारलं, अकरांनी कुंपण सांगितलं.

बटाट्यांचं शेत मात्र तुझ्याशिवाय कोणी काढलं नाही. तू का काढलंस?

आई बरी आहे. मागच्या रविवारी काठी टेकत कुंपणालगतच्या लिओमामाच्या दगडापाशी ताट ठेवून आली. अकराव्या वर्षी शाळेतच वारलेला हा मामा मला फक्त त्या दगडामुळे माहीत आहे. यंत्र आलं की तिच्या दगडापासूनच सुरुवात करायची, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलंय. आणि म्हणते, नॉर्बर्टला विचार, तो लिओच्या मागे मागे असायचा.

तुझी,
व्हर्ना


प्रिन्स अल्बर्ट,
२९ ऑगस्ट

प्रिय व्हर्ना,

बटाट्यांचा काही अर्थ नाही. शाळेत आम्ही बटाटे फार सोलले, म्हणून तोंडात आलं. तू शब्दाला शब्द लावत बसू नकोस.

या पार्सलमध्ये नवी तंबाखू आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून घेतली, तू पाठवलीस त्याहून थोडी जास्तच आहे. लाल कापड कुठे मिळालं नाही म्हणून एफ्रेमच्या जुन्या शर्टाची बाही कापली, त्याला विचारून. आता तुझं माझ्याकडे काही राहिलं नाही आणि मी सांगायलाच हवं असंही राहिलं नाही.

एफ्रेमला विचारलं, "अशी परत करता येते ना रे?"

"दुकानात येते," तो म्हणाला. "पावती असेल तर."

दोन दिवस अंगात कसकस आहे. ताप नाही म्हणतात, पण थर्मामीटर जुना आहे. यंत्रवाल्यांना पैसे आधी देऊ नकोस. आणि तुझी आई त्या दगडापाशी एकटी जाते का? जमीन तिथे उंचसखल आहे. पडेल.

नॉर्बर्ट


विलो बेंड,
४ सप्टेंबर

मामा,

पार्सल कमिटीच्या बैठकीतच उघडलं, कारण ते कमिटीच्या पत्त्यावर आलं. शर्टाच्या बाहीला बटण तसंच होतं. सगळे पोट धरून हसले. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा आणखी हसले. अगाथा आजी तेवढी हसली नाही. बाही उलटसुलट करून बघत म्हणाली, "ज्याला आठवत नाही तो असं काही करत नाही. तो 'आठवत नाही' म्हणतो आणि तंबाखू ओढून टाकतो. विकत घेऊन परत पाठवतो त्याला सगळं आठवतंय."

तंबाखू परत येत नसते, हे तूच मला शिकवलंस. मी नऊ वर्षांची होते. ती मी शाळेच्या जागेवर, गवतात ठेवून आले. म्हणजे आता तुझ्याकडून दोनदा हो झालं.

मामा, मी तुला रागावत नाही आणि आर्जवंही करत नाही. मला बस चालवायची असते, त्यामुळे तुझ्यापर्यंत येता येत नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि असली गोष्ट वृद्धाश्रमाच्या बोळात ओरडून सांगायची नसते. लिही. वाईट अक्षरात लिही, अर्धं लिही. आईला सांगायचं नसेल तर तिला सांगू नकोस, मला सांग. सोमवारी मी सही करणार आहे. आज तरी कागदावर 'चर्चमागील कुंपण' असं लिहिलेलं आहे.

व्हर्ना


प्रिन्स अल्बर्ट,
७ सप्टेंबर

प्रिय व्हर्ना,

टपालाने हे सोमवारच्या आत पोहोचणार नाही, म्हणून बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय. तो फोडून वाचेल अशी मला भीती आहे. वाचलं तर वाचू दे.

कुंपणापाशी कोणी नाही. तिथे सही करू नकोस.

१९५५ चा उन्हाळा होता, मी बारा वर्षांचा. तुझी आई जूनमध्ये शाळेतून कायमची सुटून घरी गेली होती. मला सोडलं नव्हतं. गवत कापायला सहा मुलं मागे ठेवली होती, त्यात मी. बिशप येणार होते. कबरी तेव्हा गोठ्याच्या उत्तरेला, पाणथळीच्या कडेला होत्या आणि येणाऱ्या रस्त्यावरून दिसायच्या. गवत माजलेलं, क्रूस वाकडे झालेले. मुलींना तिकडे जायची बंदी होती, म्हणून लिओ कुठे आहे ते तुझ्या आईला कधी कोणी दाखवलं नव्हतं. शेती बघणाऱ्या ब्रदरने सांगितलं, क्रूस उपटा, रंगवा आणि चर्चमागे कुंपणाला धरून दोन सरळ ओळींत लावा. आमच्यातल्या मोठ्या मुलाने विचारलं, "आणि मुलं?" त्याला त्याबद्दल मिळायचं ते मिळालं. मग कोणी काही विचारलं नाही.

सतरा क्रूस होते. शेतातले दगड ओढायची जी लाकडी घसरण असते, तिच्यावर घालून घोड्याने ओढले. लिओचा क्रूस आमच्या बापाने टॅमरॅकच्या लाकडाचा केला होता. लिओ फेब्रुवारीत गेला, बापाला कळवलं जूनमध्ये. तेव्हा तो क्रूस घेऊन एकटाच आला, स्वतः रोवून गेला, आणि पुढच्या वर्षी क्षयाच्या इस्पितळात तोही गेला. म्हणून तो क्रूस मी घसरणीवर घालू दिला नाही, खांद्यावरून नेला. सगळ्यांना पांढरा रंग दिला, त्यात नावं बुजली. बिशप आले, त्यांनी पाणी शिंपडलं. आम्हाला एकेक सफरचंद मिळालं.

पुढच्या वसंतात ती जागा नांगरली आणि बटाटे लावले. सप्टेंबरात आम्हीच ते काढले. व्हर्ना, आम्ही ते खाल्ले. दुसरं काही खायला नसायचं.

क्रूस हलवल्यावर दोन वर्षांनी तुझी आई लग्न होऊन तुझ्या वडिलांच्या ट्रकमधून मला घरी न्यायला आली. कुंपणापाशी उभी राहिली. रंग दिलेला असूनही बापाच्या हातचं काम तिने ओळखलं. मला म्हणाली, "इथे आहे ना तो?" मी मान हलवली. तोंडाने बोललोसुद्धा नाही, फक्त मान. तिने रुमालातून बॅनकची भाकरी काढली, अर्धी मोडून जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "आता कळलं. आता दरवर्षी येईन." आणि ती येत राहिली. मला वाटायचं, पुढच्या वर्षी सांगू. दर वर्षी ते आणखी जड व्हायचं. क्रूस कुजून पडले तेव्हा मला बरं वाटलं, की आता संपलं. तर तिने दगड आणून ठेवला.

त्या अकरा म्हाताऱ्यांचं चुकलेलं नाही. त्यांनी क्रूस जिथे पाहिले तेच सांगितलं. ते माझ्यानंतर आले, किंवा त्या उन्हाळ्यात घरी होते आणि परतल्यावर कबरीही हलवल्या असं समजले. सहा जणांपैकी मी एकटा उरलोय.

जागा अशी. शेताच्या कोपऱ्यात एक मोठा दगड आहे, बायसनांनी अंग घासून घासून तुळतुळीत केलेला. नांगराला तो कधी हलला नाही, म्हणजे अजून असेल. त्याला पाठ लावून गोठ्याच्या पायाकडे तोंड कर आणि चाळीस पावलं मोज. बारा वर्षांच्या मुलाची पावलं धर, तुझी नको.

तुझ्या आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. नाही, ठरवू नकोस, सांगूच नकोस. किंवा सांग. मला काही कळत नाही.

नॉर्बर्ट


विलो बेंड,
२० सप्टेंबर

मामा,

पत्र शुक्रवारी संध्याकाळी हातात पडलं. ड्रायव्हरने फोडलं नव्हतं. म्हणाला, "म्हातारा तीन वेळा बसमधून उतरला आणि तीन वेळा परत चढून बघून गेला, पाकीट आहे का." 

मी ते आधी आईला वाचून दाखवलं. तिला वगळून कमिटीला वाचून दाखवणं मला जमलं नसतं. ती बदकाची पिसं काढत होती. काढत राहिली. पत्र संपलं तेव्हा म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. तिने हात धुतले, बाहेर गेली, आणि नीट रचून ठेवलेली लाकडं उतरवून पुन्हा रचायला लागली. तेव्हापासून तुझं नाव तिने घेतलेलं नाही. काल जेवताना एवढंच म्हणाली, "सहासष्ट वर्षं मी ताट कुणापुढे ठेवत होते?"

कमिटीत दोघे जण भडकले. एक म्हणाला, "नॉर्बर्टला आजवर तोंड नव्हतं का?" अगाथा आजी त्याच्याकडे वळली. "तुला होतं? स्वयंपाकघराच्या मागे तू काय पाहिलंस, ते विचारायला तीन वर्षं तंबाखू घेऊन तुझ्या दारात येतेय मी. नॉर्बर्टने निदान लिहिलं." आणि ऐक, बैठक संपल्यावर तो माणूस तिच्याकडे गेला. काय बोलले ते मी विचारलेलं नाही.

सोमवारी मी 'चर्चमागील कुंपण' खोडून 'गोठ्याच्या उत्तरेचं शेत' लिहिलं आणि सही केली. लगेच ओटावाहून फोन.

"जागा बदलायची तर तज्ज्ञाचं पत्र जोडावं लागतं."

"जोडलंय."

"हे तर हाताने लिहिलेलं आहे. यांची पात्रता काय?"

"क्रूस त्यांनी स्वतः उपटले होते."

बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, वर विचारून सांगते. काल होकार आला. अर्जात लिहिलेलंच आहे, कुठे शोधायचं ते आमचे म्हातारे सांगतील. तो म्हातारा तू आहेस, एवढंच.

दगड जागेवर आहे. मी जाऊन हात लावून आले.

व्हर्ना


प्रिन्स अल्बर्ट,
२४ सप्टेंबर

प्रिय व्हर्ना,

उद्या यंत्र येणार. मला सारखं वाटतंय की चाळीस नव्हे, पन्नास पावलं असतील. पाणथळ तेव्हा मोठी होती, आता आटली असेल, तर कड कुठली धरायची? दगड दोन तर नाहीत ना? तुम्हाला काही सापडलं नाही तर मी ते पैसे भरू शकत नाही. माझ्याकडे फक्त पेन्शन आहे.

तुझ्या आईला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. 'ताई' लिहून झालं की पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. एफ्रेम म्हणतो, "'ताई' लिहिलेलंच पाठव. तिला कळेल." पण ते बरं दिसत नाही.

ती अजून ताट घेऊन कुंपणापाशी जाते का? की बंद केलं? बंद केलं असेल तर मला सांगू नकोस.

नॉर्बर्ट


विलो बेंड,
३ ऑक्टोबर

मामा,

चाळीसच.

सगळं क्रमाने सांगते. यंत्रवाले तिघे जण आले. त्यांची मुख्य म्हणजे एक तिशीतली बाई, लहान हातगाडीसारखं यंत्र ढकलत चालते आणि पडद्यावर जमिनीच्या आतलं बघते. आल्या आल्या ती दोऱ्या ताणायला निघाली. अगाथा आजीने तिचा हात धरून तिला बसवलं. "आधी जेव. उपाशी माणसाला आमची मुलं दिसायची नाहीत." ती दोन वाट्या मूसचं कालवण जेवली. मग सगळ्यांनी मिळून तंबाखूचा पवित्र पाईप ओढला, प्रार्थना झाल्या, आणि पहिला दिवस एवढ्यातच गेला. अर्जात तसंच लिहिलं होतं.

दगडाला पाठ लावून मी चालले. बसमधली सहावीतली मुलं कशी चालतात ते आठवून पावलं टाकली. तिथून दोऱ्या ताणल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाई चालता चालता थांबली. परत मागे गेली, पुन्हा तेवढंच चालली. मग टोपी काढली.

दोन ओळी आहेत, मामा. नांगर वरच्या फूटभर मातीतच फिरला, खाली सगळं जसंच्या तसं आहे. सगळे आकार पूर्व-पश्चिम, बहुतेक लहान. तू सतरा क्रूस म्हणालास. आकार एकोणीस आहेत. दोघांना क्रूस कधी मिळालाच नव्हता.

शेवटच्या दिवशी अर्धा दिवस उरला. आईने सांगितलं, कुंपणापाशीही फिरवा. ती काठी टेकून तिथेच उभी राहिली, पडद्याकडे बघत. बाई म्हणाली, "आजी, इथे नुसती मुळं आहेत. ही जमीन कधी खणलेलीच नाही." आई म्हणाली, "बरं." आणि तिचा दगड मोटारीत घालायला सांगितला. आता तो आमच्या पायरीपाशी आहे. कुठे न्यायचा ते ती सांगत नाही.

कोणी काही खणणार नाही, हे कमिटीने एकमताने ठरवलं. आता नावं शोधायची. शाळेचे कागद तीन गावांत विखुरलेत. त्यासाठीचा अर्ज परवा पाठवला, आणि मी तुला सांगते, तो मंजूर होणार. आपण जागा सांगितली आणि ती बरोबर निघाली, हे आता कागदावर आहे.

२१ ऑक्टोबरला, शनिवारी, शेतावर जेवण आहे. तू यायला हवंस. रात्री माझ्याकडे उतरायचं की आईकडे, ते आईच्या हातात आहे. तिचं पत्र सोबत जोडलंय. मी वाचलेलं नाही, तिने चिकटवून दिलं.

व्हर्ना


विलो बेंड,
२ ऑक्टोबर

नॉर्बर्ट,

व्हर्नाला पत्रांवर पत्रं लिहितोस आणि मला एक नाही. घाबरतोस का? घाबर.

मी खूप विचार केला. बारा वर्षांच्या पोरावर मला रागावता येत नाही. चौदा वर्षांच्या पोराने मान हलवली, त्याच्यावरही नाही. तू तेव्हा इतका हडकुळा होतास की खरं बोलायलाही अंगात जोर लागतो, तो तुझ्यात नव्हता. पण चाळिशीतल्या नॉर्बर्टवर रागावता येतं, साठीतल्या नॉर्बर्टवर येतं, आणि ऐंशी वर्षांचा जो नॉर्बर्ट तंबाखू विकत घेऊन परत पाठवतो, त्याच्यावर तर फारच चांगलं रागावता येतं. हा राग मला पुरेल, मी चौऱ्याऐंशीची आहे.

लिओची मला काळजी नाही. त्याला माझ्या बॅनकचा वास लांबून यायचा. शेतापासून कुंपणापर्यंत चालत आला असेल, आणि एकट्याने खायची त्याला सवय नव्हती, म्हणजे बाकीच्यांनाही घेऊन आला असेल. ताट दर वेळी रिकामं व्हायचं. व्हर्ना म्हणते कोल्हे. असतील कोल्हेही.

मला एक सांग. यंत्रवाली पोरगी म्हणते, आकार दिसतात, नावं दिसत नाहीत. बापाचा क्रूस तू उपटलास. कुठून उपटलास? त्या एकोणिसांतला लिओ कोणता?

बाकीच्या अठरा जणांना बोट करून दाखवणारं कोणी उरलेलं नाही. म्हणून एकट्या लिओची पाटी तिथे लागणार नाही. एकोणीस ताटं सारखी मांडायची, हे मी कमिटीला सांगितलंय. पण मला माहीत हवं. थोरली आहे मी.

ठाऊक असेल तर सांग, नसेल तर नाही म्हण. या वेळी मान हलवू नकोस.

फिलोमिन


प्रिन्स अल्बर्ट,
९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आल्यापासून वहीत चार वेळा लिहून पाहिलं, हे पाचवं. तू मला माफी मागायला सांगितलेलं नाहीस, एक गोष्ट विचारली आहेस. माफी समोर येऊन तोंडाने मागेन. विचारलंस त्याचं उत्तर आधी देतो.

दगडाकडून गेलं की पहिली ओळ लागते, ती सोड. दुसरी ओळ, गोठ्याच्या बाजूची. तिच्या पश्चिमेच्या टोकापासून मोज. पहिला क्रूस एका मोठ्या मुलाचा होता. दुसरा एका लहान मुलीचा, माझ्या गुडघ्याएवढा, त्यावर दोरीने बांधलेला मणी होता. तिसरा बापाने केलेला. बापाने तो इतका खोल रोवला होता की मला गुडघे टेकून हाताने माती काढावी लागली. त्याच्या पुढे एक जागा मोकळी होती, मग चौथा. तेव्हा मला वाटलं, मोकळीच आहे. आता एकोणीस म्हणतात, तर तिथेही कोणीतरी होतं, आणि मी त्याच्यावर उभा राहून लिओचा क्रूस उपटत होतो. त्याच्यापुढेही मला काहीतरी बोलावं लागेल.

ताई, मला सगळ्याची शंका असते. गोळ्या घेतल्या की नाही, दार लावलं की नाही, टाकलेलं पत्र पेटीत पडलं की फटीत अडकलं. व्हर्नाला विचार, चाळीस पावलांचीही शंका होती. याची नाही. दुसऱ्या ओळीतला तिसरा, तो लिओ आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि एक दिवसही विसरलेलो नाही.

तुझा दगड कुठे न्यायचा ते तू सांगत नाहीस, असं व्हर्नाने लिहिलंय. पाटी लावायची नाही हे बरोबर आहे. पण ज्याच्यावर बसून जेवता येईल असा एखादा दगड शेताच्या कडेला असला, तर त्याला कोणी पाटी म्हणणार नाही. तू ठरव. उचलायला मी आहे. उजवा गुडघा दुखतो, पण डावा चांगला आहे.

मी शुक्रवारी, वीस तारखेच्या बसने येतोय. तिकीट काढलंय, तारीख तीनदा बघून घेतली. बस पेट्रोल पंपापाशी थांबते, तिथून तुझ्या घरापर्यंत चालत येईन. तू दार उघडणार आहेस की मी व्हर्नाकडे जायचं, एवढं मला आधी कळलं तर बरं. तुझ्या अंगणात उभं राहायलाही माझी हरकत नाही. फक्त ऑक्टोबर आहे, तर कोट कोणता आणायचा ते ठरवता येईल. फोन नको, मला ऐकू येत नाही. दोन ओळी लिही, एक लिहिलीस तरी चालेल. पण बस सुटायच्या आत मिळेल अशी लिही. लवकर लिही, ताई.

नॉर्बर्ट